कॅराव्हॅनमधला श्वास

लोणावळ्याजवळच्या कुरवंड्यात त्या संध्याकाळी दहा पावलांपलीकडचं दिसणार नाही असं धुकं होतं, तरी हौशीराम आबांच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. बायका पोरांना पदराखाली घेऊन उभ्या होत्या. सगळ्यांच्या नजरा निळ्या ताडपत्रीखाली झाकलेल्या एका कॅराव्हॅनवर खिळल्या होत्या. आबांना जाऊन दोन महिने झाले होते, आणि त्या गाडीत त्यांचा श्वास अजून चालू होता.

हो, सगळ्या गावानं तो कानांनी ऐकला होता. ज्या पलंगावर झोपेतच आबा गेले, त्याच्या खालून मंद आवाज यायचा. सूं... बुडबुड... सूं. शेवटच्या दिवसांत आबांचा दमा असाच वाजायचा. वर कुजक्या अंड्यासारखा वास. उशाशी लावलेला लहानसा दिवा तर पूर्वीपेक्षा जास्तच लखलखत होता.

दारासमोर आसन अंथरून अंबाजीबाबा उभा होता. हिमालयात बारा वर्षं आपण वायू बांधायची विद्या शिकलो, असं तो सांगे. हिमालयातल्या कुठल्या गावी, ते मात्र त्याला आठवत नसे. जवळच्या उर्श्याच्या टोलनाक्यापलीकडे त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं.

"हौशीराम," तो घुमला, "माझ्या आज्ञेनं श्वास आवर."

मग त्यानं लांबलचक मंत्र सुरू केला. त्यात संस्कृत किती आणि घसा साफ करणं किती, हे देवच जाणे. मंत्र संपत आला तसा तो आवाज विरत विरत थांबला. कुणीतरी हुंदका दिला. थोड्या वेळानं बाबानं "सोड" म्हटलं आणि गाडी पुन्हा श्वास घेऊ लागली.

समीक्षा, आबांची सून, ओट्याच्या खांबाला धरून उभी होती. तिला सातवा महिना होता. ती लोणावळ्याची, बारावी सायन्स झालेली, पण तो आवाज थांबून पुन्हा सुरू झाला तेव्हा तिच्याही अंगावर काटा आला. शिकलेलं सगळं पुस्तकात राहिलं आणि भीती तेवढी पोटात उतरली. बाबानं बोट केलं तेही तिच्या पोटाकडेच.

"त्याला परत यायचंय. बाळाचा जीव घेऊन तो आपला जीव पुरा करणार. उद्या तिन्हीसांजेला सुनेला आत बसवा. दारं, खिडक्या, फटी, सगळं बंद करा. मी आत धुनी पेटवीन. मग ही गाडी घरात ठेवायची नाही, माझ्या मठात आणून लावायची."

सासूबाई, रतनबाई, हात जोडून हो म्हणाल्या. समीक्षाचा नवरा सत्यम यानं तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

खरं तर त्या गाडीत आबांचा जीव अडकला होता हे खोटं नव्हतं, पण तो जिवंतपणी. जुना टेंपो घेऊन बापलेकांनी त्यात पलंग, पंखा, फ्रिज बसवला होता, आणि मोसमात ते ती पर्यटकांना भाड्यानं देत. इंजिनाची बॅटरी वेगळी. आतल्या दिव्यापंख्याची मोठी बॅटरी पलंगाखालच्या खोक्यात, आणि ती भरायला टपावर सोलर. माणूस जिथं जातो तिथं दहा दिवस दिवा ठेवतात, तो रतनबाईंनी गाडीतच ठेवला. गादीपाशी तेलाचा दिवा नको म्हणून आतलाच विजेचा लावला. दहा दिवस सरले तरी तो मालवायला त्यांचं मन होईना. पावसाची ताडपत्री वर पडली होती, सोलरला ऊन नव्हतं. एके दिवशी दिवा विझला आणि रतनबाईंनी हंबरडा फोडला. सत्यमनं ओळखीच्या गॅरेजमधून एक जुना चार्जर आणून घरातून गाडीच्या दारापर्यंत ओढलेल्या वायरीच्या बोर्डाला जोडला. तो काढायचा नाही, अशी आईची सक्त ताकीद होती. दिव्याला खंड नको.

श्वास सुरू झाला तो त्यानंतर. पण हे 'त्यानंतर' कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी समीक्षा तपासणीला लोणावळ्यात गेली. येताना तिची पावलं आपोआप इफ्फत मॅडमच्या घराकडे वळली. मॅडमनी तिला बारावीला फिजिक्स शिकवलं होतं. सांगता सांगता तिला रडू कोसळलं. मॅडम आधी शांतपणे ऐकत होत्या, पण वासाचं ऐकलं तशी त्यांनी हातातली कपबशी खाली ठेवली.

"श्वास थांबतो तेव्हा दिव्याचं काय होतं?"

समीक्षानं डोळे मिटून आठवलं. "जरा पिवळा पडतो. सुरू झाला की परत पांढरा."

"आणि धुनी कधी आहे?"

"आज संध्याकाळी."

मॅडमनी चप्पल पायात सरकवली. आपल्या गुरूला घाबरलेलं समीक्षानं प्रथमच पाहिलं. वाटेत तिनं सत्यमला पुन्हा पुन्हा फोन लावला. घाटात रेंज नव्हती.

दोघी पोहोचल्या तेव्हा गाडीच्या फटींना चिकटपट्ट्या लावून झाल्या होत्या. बाबाच्या हातातल्या घमेल्यात निखारे लाल झाले होते आणि तो दाराकडे निघाला होता.

"विस्तव मागे घ्या," मॅडम दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. "ठिणगी आत गेली तर ही गाडी फुटेल."

गर्दीतून कुजबुज उठली. बाहेरची बाई, देवकार्यात आडवी येते. बाबानं डोळे वटारले. सत्यम पुढे आला, पण समीक्षा त्याच्या वाटेत जाऊन उभी राहिली.

"मी आत बसणार नाही," ती म्हणाली. "आधी मॅडमचं ऐका. मग हवं तर मला घराबाहेर काढा."

सत्यमनं बाबाच्या हातातलं घमेलं घेतलं आणि लांब कुंपणाशी नेऊन त्यावर पाणी ओतलं.

मॅडमनी घरात जाऊन वायरीची पिन काढली. गाडीची सगळी दारं सताड उघडायला लावली. हळूहळू श्वास मंदावला आणि थांबला. "आता बाबांनी श्वास पुन्हा सुरू करायची आज्ञा द्यावी," त्या म्हणाल्या. बाबानं आज्ञा दिली, मंत्र म्हटला, पुन्हा म्हटला. गाडी गप्प. मॅडमनी बाबाचं आसन उचललं. खाली वायरीचा बोर्ड होता, त्याचं बटण नेमकं पायाच्या अंगठ्याखाली येईल असा ठेवलेला. बटण बंद केल्यावर बुडबुडे विरायला थोडा वेळ लागतो, म्हणून तर मंत्र एवढा लांब.

मग त्यांनी खोकं उघडून दाखवलं. बॅटरीच्या कुशी फुगल्या होत्या, पाणी आटलं होतं. "बॅटरी भरली तरी हा चार्जर थांबत नाही. जास्तीच्या विजेनं दिवा लखलखतो, बॅटरीतलं पाणी फुटतं आणि हायड्रोजन बाहेर पडतो. त्याचाच हा आवाज. वास बॅटरी बिघडल्याचा. बंद गाडीत हा वायू साठतो." बॅटरी निवल्यावर त्यांनी सर्वांना मागे सारून चार्जर थोडा वेळ जोडला, बॅटरीच्या तोंडावर स्टीलचा पेला पालथा धरला, तो तसाच कुंपणापर्यंत नेला आणि लांब काठीला पेटती वात बांधून जवळ धरली. फट्! पेल्यातल्या त्या एवढ्याशा वायूच्या आवाजानं पुढची माणसं मागच्यांच्या पायांवर पडली.

"हा पेलाभर होता," मॅडम म्हणाल्या. "गाडीभर वायूत तुम्ही हिला विस्तवाशेजारी बसवणार होता. ही बॅटरी बदला. पुढे गाडी घरी उभी असेल तर सोलरवरची ताडपत्री काढा, नाहीतर भरल्यावर आपोआप थांबणारा चार्जर लावा, आणि हवा खेळती ठेवा. बॅटरीला एवढंच लागतं."

बाबा वायू बांधायच्या ऐवजी गाठोडं बांधून धुक्यात निघाला होता. पोरांनी त्याला धरलं, पोलिसांना बोलावलं आणि ते येईपर्यंत त्याला ओट्यावर बसवून ठेवलं.

रतनबाई गाडीच्या पायरीवर बसल्या होत्या.

"म्हंजे मालक हितं न्हवतंच?" त्यांनी विचारलं. "म्या रोज सांजच्याला त्यांच्याशी बोलायची गं."

समीक्षा सासूजवळ जाऊन बसली. तिला सासूचा रागही येत होता आणि दयाही.

"आई, आबा असते तर त्यांनी मला आत बसू दिलं असतं का?"

रतनबाईंनी तिच्या पोटावर हात ठेवला. मग त्या उठल्या आणि जमलेल्यांकडे वळल्या. डोळे वाहत होते, पण आवाज सगळ्या अंगणाला ऐकू गेला.

"माज्या हातानं मी सुनेला जाळाय बसवत हुते. मला लय भ्या वाटलं, म्हून त्यानं जे सांगितलं त्ये आयकलं. उद्या तुमच्या दारात कुनी असाच आला, तर भ्या वाटलं तरी त्याचं आयकू नगासा. आदी दार उगडा, उजेडात बघा, आन् जानत्या मानसाला इचारा. माज्या घरात ती पोरगी इचारायला गेली, म्हून आज ती जित्ती हाय."