शेषाधिकार

गिरगावातल्या त्रिलोकेकरवाडीला स्वातंत्र्य मिळालं ते एका मंगळवारी दुपारी, चहाच्या वेळेला. डेव्हलपरने चाव्यांचा जुडगा, नकाशांची गुंडाळी आणि पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला, ‘आता सगळं तुमचंच’ म्हणाला आणि दुसऱ्या कुठल्या वाडीचं भलं करायला निघून गेला. जाण्यापूर्वी त्याने, अशी राज्यं सोडून जाणारे जे करतात तेच केलं होतं: वाडीत कधी पाऊल न टाकलेल्या एका आर्किटेक्टकडून नकाशावर एक रेघ मारून घेतली होती. रेघेच्या अलीकडे ए विंग, पलीकडे बी विंग, आणि दोघींवर सावली धरून उभा टॉवर. पंप ए विंगच्या पोटात, जनरेटर टॉवरच्या आवारात आणि मारुती बी विंगच्या दारात. म्हणजे पाणी एकाकडे, वीज दुसऱ्याकडे आणि देव तिसऱ्याकडे.

लॉटरीने घरं वाटली तेव्हा जुन्या चाळीतली माणसं दोन्ही विंगांत मिसळलेली होती. मग लोकांनी आपापसांत अदलाबदल करून भाषावार प्रांतरचना उरकून घेतली. मोडक, गोखले, कामेरकर अलीकडे आले. घाडी, परब, सातार्डेकर पलीकडे गेले. टॉवरमध्ये ज्यांना परवडलं ते. अदलाबदलीचं कारण विचारलं की सगळे एकच सांगत, ‘आपल्या माणसांत राहायचंय.’ रघुवीर मोडकांनाही तेच सांगायचं होतं. पण त्यांची आपली माणसं सर्वानुमते ए विंगमध्येच होती, त्यामुळे त्यांना कुणी विचारलं नाही आणि ते ए विंगमध्येच राहिले.

मोडक सर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. संघराज्य हा त्यांचा हातखंडा विषय. वसाहती मोडल्या, नाना भाषांची माणसं एका छपराखाली आली की सत्ता कशी वाटून घ्यावी, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या गळी उतरवलं होतं. स्वतः मात्र त्यांना या जगात एकच सत्ताकेंद्र ठाऊक होतं: जुन्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी, आणि तिच्यात शेजारच्या दाराशी बसलेल्या कमल सातार्डेकर.

सरांची पत्नी सुमेधा गेली, कमलताईंचे गिरणीतले यजमान गेले, आणि त्यानंतर कधीतरी संध्याकाळचा हा रिवाज पडला. कमलताई पाटावर बसून काहीतरी निवडत, सर खुर्चीवर बसून त्यांना पेपर वाचून दाखवत. कमलताईंना वाचता येत होतं. पण त्यांचे हात नेहमी माशात, बहुधा कोळंबीत. सरांच्या घरात मासे चालत नसत, गॅलरीत चालत.

“केंद्राने राज्याचा निधी अडवला,” सर वाचत.

“अडवल्यान? मगे ता केंद्र नाय, सासू असा.”

“थोडा वास येतोय, कमलताई.”

“तुमी वाचा. सुंगटापण आयकतत.”

यापलीकडे काही नव्हतं. म्हणजे काय होतं, असं कुणी विचारलं असतं तर दोघांनाही सांगता आलं नसतं. तसं कुणी विचारत नसे, हाच गॅलरीचा मोठा गुण होता.

आता सरांच्या सहाव्या मजल्यावरच्या खिडकीतून कमलताईंची खिडकी समोर दिसे. तिला जाळी होती, जाळीला सुकटाची पिशवी लटकलेली होती. सर संध्याकाळी पेपर उघडत, निधी अडवल्याची बातमी वाचत आणि घडी घालून ठेवून देत. उत्तर न आलेली बातमी ही बातमीच वाटत नाही, हे त्यांना या वयात कळत होतं.

रेघेवर एक लोखंडी फाटक होतं. त्याला दोन्ही बाजूंनी एकेक कडी. गणपतीत ए विंगने पंप बंद ठेवला म्हणून बी विंगने आपली कडी घातली. मग ए विंगनेही, मागे राहायला नको म्हणून. फाटक उघडं असतं तर सर चपला घालून वीस पावलांत पलीकडे गेले असते. रस्त्याने वळसा घालून जाता येई, नाही असं नाही. सर एकदा गेलेही होते. बी विंगच्या वॉचमनने फोन हातात घेऊन विचारलं, “किसके यहाँ? क्या काम?”

“सातार्डेकर,” सर म्हणाले आणि कामापाशी अडले. वॉचमनने स्क्रीन पुढे केली. पाहुणा, डिलिव्हरी, कॅब, दूधवाला-पेपरवाला, कामवाली, इतर. सर अजून विचार करत होते तोच त्याने ‘इतर’वर बोट ठेवलं. लोअर परळच्या ऑफिसात कमलताईंच्या मुलाच्या, विनीतच्या फोनवर घंटी वाजली, त्याने मीटिंगमधून बाहेर येऊन आईला फोन करून विचारलं, “आई, आपल्याकडे इतर कोण येणारेय?” कमलताई खिडकीशी आल्या तोवर सर वळून चालू लागले होते.

म्हणून दोन्ही विंगा आणि टॉवर मिळून फेडरेशन काढायचं ठरलं आणि मसुदा करायला सरांना बोलावलं, तेव्हा ते एका मिनिटात हो म्हणाले. लोकांना वाटलं, निवृत्त माणूस, वेळ जात नसेल.

सरांनी तीन याद्या केल्या. फेडरेशनच्या यादीत पंप, जनरेटर, आग विझवायची साधनं. विंगांच्या यादीत जिना, लिफ्ट, सत्यनारायण. सामाईक यादीत कचरा, पार्किंग आणि मांजरं. फाटक त्यांनी कुठल्याच यादीत घातलं नाही. फेडरेशनच्या यादीत गेलं असतं तर टॉवरच्या हाती पडलं असतं, कारण मतं चौरस फुटांवर होती. विंगांच्या यादीत नाव घेऊन घातलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, फाटकच का? शेवटी त्यांनी एक कलम लिहिलं: ज्या विषयांचा उल्लेख कुठेच नाही, ते सर्व विंगांचे. शेषाधिकार.

बैठक मारुतीपुढे झाली. टॉवरचे अध्यक्ष हितेंद्र शहा मसुदा वाचताना या कलमापाशी अडले.

“सर, मी तुमचा विद्यार्थी.”

“आहे लक्षात. शेवटचा बाक.”

“टीवायला तुम्हीच शिकवलंत. शेषाधिकार केंद्राकडे. मजबूत केंद्र, नाहीतर देशाचे तुकडे. मला पेपरात आलेलं, मी तेच लिहिलेलं.”

“किती मार्क दिले होते मी?”

“काठावर पास केलंत.”

“बघ. तेव्हाही माझी खात्री नसावी.”

बी विंगचे सेक्रेटरी दगडू घाडी खुर्ची पुढे ओढून म्हणाले, “सर, तुमी आमच्या बाजूनं बोलताय? तब्येत बरी ना?”

“मी राज्यांच्या स्वायत्ततेच्या बाजूने बोलतोय, दगडूशेठ.”

“तेच ते. आमचीच बाजू.”

हितेंद्रला जनरेटरच्या डिझेलचा वाटा विंगांकडून हवा होता आणि दगडूंना तो द्यायचा नव्हता. सरांनी डिझेल फेडरेशनला मिळवून दिलं, दगडूंना मारुतीच्या उत्सवाचा रस्ता मिळवून दिला, आणि या गडबडीत शेषाधिकार विंगांकडे सरकले. ज्या तत्त्वावर सरांनी अख्खी नोकरी काढली, ते तत्त्व एका लोखंडी फाटकासाठी दिलं. त्यांना वाईट वाटायला हवं होतं. ते घरी जाताना शीळ घालत गेले.

बी विंगने आठवड्यात आपली कडी काढली. ‘आमचं काय जातं’ असा एका ओळीचा ठराव झाला. उरली ए विंग.

सभेला ए विंगचे चेअरमन यशोधन गोखले अध्यक्ष होते. बँकेतून निवृत्त, सज्जन, कुठल्याही प्रश्नाला कारण मागणारे. “फाटक,” ते म्हणाले. “उघडायचं झालं तर कशासाठी? म्हणजे तिकडे जायचंय कुणाला?”

कुणी हात वर केला नाही.

“सर, विषय तुम्हीच घ्यायला लावलात. तुमचं काही काम आहे का तिकडे?”

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. त्यात हेटाळणी नव्हती, निव्वळ चौकशी होती. ती जास्त वाईट. सर उभे राहिले. वाक्य तयार होतं: मला कमलताईंकडे संध्याकाळी बसायला जायचं असतं. साधं वाक्य, कर्ता कर्म क्रियापद जागच्या जागी. ते म्हणाले, “माझ्या कामाचा प्रश्न नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. घटक राज्यांमधला संचार हा संघराज्याचा पाया असतो. सहकारी संघवादाची संकल्पना पाहिली तर...”

पाहिली. बराच वेळ पाहिली. गोखले बाईंना जांभई आली. शेवटी ठराव झाला: तत्त्व मान्य, फाटक केवळ आपत्कालीन प्रसंगी उघडावं, कडी राहू द्यावी. सरांचे आभार मानण्यात आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. कमलताई फोनवरही गॅलरीतून हाक मारल्यासारख्या बोलत.

“मास्तरांनू, मीटिंगेत काय सांगितलास?”

“तत्त्व सांगितलं.”

“तत्त्वाक पाय असतत? ता चलत येतला माझ्याकडे?”

खिडकीत जाळीमागे त्या दिसत होत्या, फोन कानाला, पाठ इकडे.

“माझो गुडघो दुखत नसतो तर मीच इल्ली असतंय वळसो घालून. तुमचे पाय धड आसत ना?”

“धड आहेत. पण खाली विचारतात, कमलताई. काय काम, म्हणून.”

“मगे?”

“मला सांगता येत नाही.”

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्याकडून उत्तर आलं नव्हतं. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, “माकापण खय सांगाक येता,” आणि फोन ठेवला.

संध्याकाळी विनीतचा फोन आला. शब्द शोधत होता. “सर, ते गेटच्या ॲपमध्ये मी तुम्हाला ॲड केलंय. रोज येणाऱ्यांत. मग विचारत नाहीत, डायरेक्ट सोडतात. फक्त तिथे कॅटेगरी निवडावी लागते. आई बोलली पेपरवाला टाक. मी बोललो, अगं सर एचओडी होते. तर ती बोलली, मग काय खोटं आहे?”

“नाही,” सर म्हणाले. “खोटं नाही.”

त्यांनी शर्ट बदलला, पेपर काखेत घेतला आणि वळसा घालून गेले. वॉचमनने फोनकडे पाहिलं, काखेकडे पाहिलं, आणि मान हलवली.

कमलताईंनी दार उघडलं. नवा सोफा, समोर टीव्ही. सर सोफ्यावर बसले, त्या समोरच्या खुर्चीवर. आणि दोघांच्याही लक्षात आलं की इतक्या वर्षांत ते कधी समोरासमोर बसलेच नव्हते. गॅलरीत दोघं चौकाकडे तोंड करून बसत. खाली मुलं, नळ, भांडणं. बोलायचं ते तिकडे बघत. आता बघायला एकमेकांचे चेहरे होते. सरांनी पेपर उघडला आणि पहिल्या ओळीतच अडखळले. कमलताईंनी पदर नीट केला, जो नीटच होता. त्यांच्या केसांत एवढा पांढरा रंग कधी आला, हे सरांना माहीत नव्हतं.

“चाय टाकू?”

“नको. टाका.”

चहा झाला. पेपर तसाच मांडीवर. जावं की बसावं, याचाही अधिकार कुठल्या यादीत आहे ते सरांना कळेना.

कमलताई भिंतीला धरून उठल्या. “ह्या जमणा नाय,” त्या म्हणाल्या. “ती खुर्ची घेवा.”

सरांनी खुर्ची उचलली. दाराबाहेर लिफ्टसमोर चार फरशांची जागा होती, वर पांढरा दिवा. त्यांनी एक खुर्ची ठेवली, आत जाऊन दुसरी आणली. दोन्ही लिफ्टच्या दाराकडे तोंड करून. सामाईक जागेत फर्निचर ठेवायला आगीच्या कारणाने फेडरेशनची बंदी होती. कलम सरांनीच लिहिलं होतं. कमलताई टोपली मांडीवर घेऊन बसल्या. आत मटार होते.

लिफ्ट आली, दार उघडलं. आत कुणी नव्हतं. दार थोडा वेळ वाट पाहत उघडं राहिलं आणि मिटलं. दोघं तिकडेच बघत होते.

“हां,” कमलताई म्हणाल्या. “आता वाचा.”