शेगडीमागचा वास

निवृत्तीनंतर माणसं बाग फुलवतात, नातवंडं खेळवतात. तिच्या नवऱ्यानं जुनी व्हॅन घेतली आणि तिच्यात संसार थाटला: पलंग, बेसिन, दोन बर्नरची शेगडी. उद्या सकाळी निघायचं होतं. फक्त गॅसची जोडणी राहिली होती आणि त्या जोडणीपायी ती चार दिवस पुरती बुचकळ्यात पडली होती.

नवरा तीस वर्षं हॉटेलात मुख्य आचारी. घरात त्याच्या नाकाचा शब्द शेवटचा. दूध नासायच्या आदल्या दिवशीच हा सांगायचा, उद्या नासणार. लग्नानंतर तिनं स्वतःचं नाक जवळजवळ रजेवरच पाठवलं होतं.

आणि असा हा नाकाचा राजा एकाच्या जागी तीन गॅस अलार्म घेऊन आला! सिलिंडरसाठी पत्र्याची पेटी केली, तीही अशी की दार बाहेरून उघडणारं, आतल्या बाजूला सुईएवढी फट नाही आणि तळाला भोक.

"भोक खाली कशाला? गॅस वर नाही का जात?"

"हा हवेपेक्षा जड असतो. गळला तर खाली साचतो. जाऊ दे तळातून बाहेर."

हे तिला पटलं. पण दर तासाला "तुला कसला वास येतोय का गं?" हे काय होतं? ज्यानं सांगायचं तोच विचारत होता. वयाचा परिणाम म्हणावा, तर माणूस स्क्रूसुद्धा मोजून ठेवत होता.

दुपारी त्यानं सिलिंडर उभा पट्ट्यानं आवळला, गॅस सोडला आणि साबणाचं पाणी लावून एकेक जोड तपासला. शेगडीमागचा शेवटचा जोड अडचणीत होता, तिथे ब्रश पोचेना. अलार्म अजून खोक्यातच होते. गॅस तसाच सुरू ठेवून तो शेगडीपाशी येऊन बसला.

"येतोय का वास?"

ती कप लावायला खाली वाकली होती. वास येत होता. अगदी नक्की येत होता. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो त्या जोडापासून हातभर अंतरावर शांत बसला होता. दुधाचं भविष्य सांगणाऱ्या नाकाला कळत नाही आणि मला कळतं? रंगाचा असेल. रबराचा असेल.

"नाही," ती म्हणाली.

त्यानं मान डोलावली आणि लायटर उचलला.

"अहो, थांबा!" तिनं झडप घालून लायटर हिसकावला. "येतोय वास! मघापासून येतोय!"

मिठाच्या चिमटीवरून भांडणारा तो माणूस एका शब्दानं वाद न घालता उठला. सिलिंडर बंद केला, सगळी दारं उघडली, तिला हात धरून बाहेर नेलं.

"मग नाही कशाला म्हणालीस?"

"तुम्ही काही बोलला नाहीत म्हणून! तुम्हाला आला नाही?"

"मला काहीच येत नाही," तो म्हणाला. "तो ताप आला होता ना, त्यानंतर. चार महिने झाले."

तिला आधी अर्थच लागेना. "आणि रोज ताटावर बसलात की 'काय वास सुटलाय' म्हणता, ते?"

"तुझ्या तोंडाकडे बघून म्हणतो."

तिला रडू आलं, रागही आला, आणि आधी कशाला वाट द्यावी तेच कळेना. ताकाला जाऊन भांडं लपवावं, तेही चार महिने, तेही बायकोपासून! आणि आपण तरी काय केलं? आलेला वास गिळला. दोघं एकमेकांच्या नाकावर विसंबून उडून गेलो असतो की.

व्हॅन चांगली वारं खाऊन झाल्यावर त्यानं शेगडी सरकवली, नट आवळला, गॅस पुन्हा सोडला आणि बाजूला झाला.

"आता?"

ती गुडघे टेकून बसली. त्यानं काही सुचवलं नाही. ती काय म्हणते याची तो वाट बघत होता.

"अजून येतोय," ती म्हणाली. "बंद करा."

त्यानं सिलिंडर बंद केला आणि पुन्हा पाना हातात घेतला.