उमरठचं जांभळं भात

उमरठच्या भागोजीचं नदीकाठचं खाचर दरवर्षी देवभाताने भरायचं. देवभात म्हणजे कुणी न पेरता उगवणारं रानटी भात. पान, खोड, उंची सगळं पेरलेल्या भातासारखंच, त्यामुळे बेणणीला, म्हणजे तण काढायला, उतरलेल्या बायकांना ते ओळखूच येत नसे. लोंबीला लांब कुसळं फुटली की कळायचं, पण तोवर उशीर झालेला असे. कापणीआधीच त्याचे दाणे चिखलात गळून पडत आणि पुढल्या वर्षीची त्याची सोय होऊन जाई.

१९३३ सालच्या वैशाखात महाडहून शेतकी खात्याचा फील्डमन आला. मुरारी त्याचं नाव, वय सव्वीस. प्रयोगाला जागा मागत तो तीन गावं हिंडला होता आणि तिन्ही गावांनी त्याला ताक पाजून वाटेला लावलं होतं. भागोजीने मात्र लगेच होकार दिला. एक तर ते खाचर नाहीतरी वाया गेलेलं होतं, आणि दुसरं म्हणजे बांधावर त्याच्या नावाची पाटी लागणार होती.

मुरारीने देवळासमोर सगळ्या बाप्यांना गोळा केलं आणि मूठभर बी दाखवलं.

"या भाताची पानं जांभळी येतात," तो म्हणाला. "देवभात मात्र हिरवंच उगवणार. मग बेणताना विचार करायला नको. जांभळं ठेवायचं, हिरवं उपटायचं. आंधळासुद्धा करील." मग त्याला वाटलं, आपण जरा जास्तच बोललो. "म्हणजे, आंधळा सोडून कुणीही."

बाप्यांनी माना डोलावल्या. त्यांच्यातल्या एकानेही जन्मात बेणणी केलेली नव्हती. बेणणी कोण करतं हे मुरारीने विचारलं नाही, आणि न विचारता कुणी सांगितलं नाही.

घरी भागोजीच्या बायकोने, बनुबाईने, विचारलं, "काय बोलला तो सायब?"

"खात्याचं काम हाय. तुला नाय कळायचं."

कळायला अवघड असं त्यात काहीच नव्हतं. पण बायकोला ठाऊक नसलेली गोष्ट भागोजीला लग्नानंतर पहिल्यांदाच ठाऊक झाली होती, आणि ती इतक्यात सांगून टाकायची त्याची तयारी नव्हती.

पेरलेलं बी उगवून आलं ते वांग्याच्या रंगाचं. वाटेने जाणारं येणारं थांबून बघू लागलं. शेजारची धोंडूबाई म्हणाली, "बनू, तुझ्या भाताला कुणी मारलं गो?" बनुबाईने कुणाला दिसणार नाही अशा बेताने पाटीच्या खांबाला लिंबू-मिरची बांधली. भागोजीला विचारलं तर तो नुसता मिशीत हसायचा. "बघशील."

आषाढात लावणी झाली. श्रावण लागला तसं जांभळ्या रोपांमधून हिरवं डोकं वर काढू लागलं. बनुबाई रोज सकाळी जाऊन बघायची. तिला जरा धीर आला. काही रोपं बरी व्हायला लागली होती.

अशात मुरारीचा निरोप आला की गुरुवारी जिल्ह्याचे साहेब प्रयोग बघायला येणार. साहेबांना बसवायचं कशावर, हा भागोजीला पहिला प्रश्न पडला. खुर्ची आणायला म्हणून तो मंगळवारी पोलादपुरास ओळखीच्या दुकानदाराकडे गेला आणि वाटेतल्या ओढ्याला पूर आल्यामुळे तिकडेच अडकला.

इकडे बनुबाईच्या जिवाला घोर लागला. तिने धोंडूबाईसकट पाचजणींना बोलावलं.

"सायब येनार, आन त्याला हे रोगी भात दाखवायचं?" ती म्हणाली. "तो फिल्डमन पोरगा गरीब हाय. सरळ नोकरी जाईल त्याची. आमच्या घरधन्याला तर नुसतं हसायला येतं."

"मग काय करायचं?" धोंडूबाईने विचारलं.

"काळं पडलंय तेवढं काढू. चांगलं ठेवू."

सहाजणी पदर खोचून खाचरात उतरल्या. त्यांनी जांभळं रोप न् रोप उपटलं. रोग इतरांना लागू नये म्हणून त्याच्या जुड्या बांधून लांब डबक्यात नेऊन टाकल्या. मग खाचर फारच विरळ दिसू लागलं, तेव्हा जिथे हिरवं दाट होतं तिथलं काढून मोकळ्या जागी लावलं. साहेब येणार म्हणून बनुबाईने काथ्याची दोरी ताणली आणि ओळी सरळ धरल्या. दीड दिवस लागला. बुधवारी दुपारी त्या बांधावर उभ्या राहिल्या, तेव्हा तसं देखणं खाचर सगळ्या उमरठात नव्हतं.

गुरुवारी सकाळी पूर ओसरला. पायवाटेने आधी साहेब आले, मागे मुरारी, आणि सगळ्यांच्या मागून डोक्यावर खुर्ची घेतलेला भागोजी.

वाटभर मुरारी जांभळ्या रंगाबद्दल सांगत होता. बांधावर पाऊल ठेवलं आणि तो मधल्या शब्दावरच थांबला.

समोर हिरवंगार देवभात ओळीने उभं होतं.

"जांभळं कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

मुरारीने भागोजीकडे पाहिलं. भागोजीने खुर्ची डोक्यावरून उतरवली नाही. तिच्याआड तोंड झाकता येत होतं.

बनुबाई पुढे झाली. "काढलं सगळं, सायब. आता कायपन रोग नाय."

मुरारीच्या पिशवीत अहवाल तयार होता. महाडचं ऑफिस, तिथली खुर्ची, आपल्या जागी येणारा नवा माणूस, सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं.

"म्हणजे हे सगळं तणच आहे?" साहेब म्हणाले.

"हो, साहेब."

"ओळीत लावलेलं?"

"हो, साहेब."

साहेबांनी बूट काढले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उतरले. या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकून बघत गेले. परत येईस्तोवर कुणी हललं नाही.

"बाई, किती जणी होता?"

"सा जणी."

"किती वेळ लागला?"

"दीड दिस. लावणी धरून."

"आणि ओळखलं कसं?"

बनुबाईला या प्रश्नाची गंमत वाटली. साहेब शिकलेला दिसत होता. "रंग दिसतो ना, सायब," ती समजुतीच्या सुरात म्हणाली.

साहेब मुरारीकडे वळले. "अख्ख्या खाचरात एक जांभळं रोप राहिलेलं नाही. मी तीन वर्षं मजुरांना बेणणी शिकवतोय, इतकी स्वच्छ निवड आजवर पाहिली नाही. तुमची पद्धत बरोबर आहे. फक्त उलटी झाली." मग आवाज खाली आणून म्हणाले, "यांना कुणी सांगितलं नव्हतं का?"

मुरारीने भागोजीकडे बघितलं. बनुबाईनेही बघितलं. तिचं बघणं मुरारीच्या बघण्यापेक्षा जड होतं.

मुरारीने मग बनुबाईला तिथेच, चिखलात उभं राहून, पहिल्यापासून सगळं समजावून सांगितलं. शेवटी ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "येवढंच होतं? हे मला नाय कळलं असतं?"

भागोजी डबक्याकडे पळाला.

जुड्या पाण्यात होत्या म्हणून निम्म्या तगल्या होत्या. दुसऱ्या दिवशी देवभात उपटून जांभळं परत लावायचं ठरलं. सहाजणी आल्याच, शिवाय मुरारी आणि भागोजीही उतरले. भागोजीची लावणी वाकडी जात होती. बनुबाई मागून येऊन त्याची रोपं काढून सरळ लावत होती. तो दिवस त्याला फार मोठा गेला.

एक कोपरा मात्र तिने कुणाला उपटू दिला नाही. "माझ्या हाताने लावलंय," ती म्हणाली. मुरारीने नियम सांगून पाहिले. तिने ऐकून घेतले.

आश्विनात कोपऱ्यातलं देवभात पिकायला आलं, तेव्हा तिने दाणे गळण्याआधीच लोंब्या एकत्र बांधल्या आणि पहाटे दवात सूप धरून झटकून घेतलं. दोन पायल्या निघालं. पुढच्या ऋषिपंचमीला आसपासच्या वाड्यांमधल्या बायका तिच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या उपासाला बैलाच्या कष्टाचं खात नाहीत, देवभात चालतं. आणि एरवी चिखलातून वेचून पसाभर मिळताना कंबर मोडते. बनुबाईने प्रत्येकीला ओंजळभर दिलं.

मुरारी त्या दिवशी नव्या रोपांची मोजणी करायला आला होता. जांभळं भात त्या सालीही चांगलं धरलं होतं आणि या खेपेला बायकांनी बरोबर हिरवंच उपटलं होतं. निघताना तो ओटीपाशी घुटमळला.

"काय रे?" बनुबाईने विचारलं.

"आईचा उपास आहे," तो म्हणाला. "महाडला देवभात कुठेच मिळालं नाही."

तिने दोन ओंजळी त्याच्या रुमालात बांधून दिल्या. शेतकी खात्याच्या पिशवीत अहवालाशेजारी ते गाठोडं ठेवून मुरारी पोलादपूरच्या वाटेला लागला.