माझ्या पडद्यावरचे शून्य

मित्रांनो, माझ्या तोंडाला तोंड लावून फुंकर मारल्याशिवाय माझे कुणाशी बोलणे होत नाही. मी श्वास तपासणारे एक जुने यंत्र आहे. दवाखान्याच्या मागच्या खोलीत, हात धुवायच्या बेसिनशेजारी, एका टेबलावर मी बसलेले असते. आकार म्हणाल तर तुमच्या जेवणाच्या डब्याएवढा. ओठ लावायला पांढरी नळी आणि आकडा दाखवायला छोटासा पडदा, एवढाच माझा संसार.

कारखान्यात मला घडवले तेव्हा माझ्या आत एक नखाएवढा तुकडा बसवला. तेच माझे नाक. त्याला फक्त एक वायू ओळखता येतो, हायड्रोजन. काही मुलांना दुधातली साखर पचत नाही. मग ती तशीच खाली आतड्यात उतरते, तिथले जंतू तिच्यावर ताव मारतात आणि हा वायू तयार होतो. पोट टम्म फुगते, कळा येतात. त्यातला थोडा वायू रक्तातून छातीत येतो आणि श्वासाबरोबर बाहेर पडतो. तिथे मी टपून बसलेले. सुई नाही, रक्त नाही, रडारड नाही. उपाशीपोटी यायचे, त्याच दुधातल्या साखरेचे पाणी प्यायचे आणि थोड्या थोड्या वेळाने फुंकत राहायचे.

माझे सुखाचे दिवस फुगेमामांच्या हाताखाली गेले. मुलांनीच त्यांना ते नाव ठेवले होते. “फुगवा फुगा! दिसत नाही? अहो, दिसत नाही म्हणूनच तो फुटत नाही!” असे म्हणून ते रडवेल्या पोरांनाही हसवत. माझ्यासाठी त्यांनी कपाटात वायूची एक छोटी बाटली ठेवली होती. तिच्यात किती हायड्रोजन आहे ते आधीच ठाऊक असे. अधूनमधून ते मला तो हुंगायला देत आणि माझा आकडा बरोबर येतो का बघत. “नाक शाबूत आहे ना रे बाबा?” असे वर विचारत.

ज्या मुलांना घरी ‘सोंगाडे’ म्हणत, त्यांचा आकडा माझ्या पडद्यावर सरसर चढायचा. मामा पालकांकडे वळून म्हणायचे, “बघा, लेकरू खरं बोलतंय.” त्या क्षणी त्या मुलाचा चेहरा कसा व्हायचा, काय सांगू! तेवढ्यासाठी मी जगत होते.

मग मामांची बदली झाली. जाताना त्यांनी आपल्या जागी आलेल्या नव्या ताईला बजावले, “बाटली संपत आलीये, नवीन मागवून घ्या हं.” ताईने मागितली. “पुढच्या वेळी बघू,” असे वरून उत्तर आले. पुढची वेळ आलीच नाही. रिकामी बाटली आता दाराला अडसर म्हणून लावतात.

ताई वाईट नव्हती. रक्त काढायचे, पट्ट्या बांधायच्या, माझ्याकडेही बघायचे, सगळे तिच्याच गळ्यात. तिने आपली एक युक्ती काढली. सकाळी न खाता यायचे आणि स्वतःच माझ्यात फुंकायचे. शून्य आले की म्हणायची, “झालं! ठणठणीत आहे की.” पण मित्रांनो, उपाशी माणसाच्या श्वासात तो वायू जवळजवळ नसतोच. बहिऱ्यासमोर गप्प उभे राहायचे आणि त्याला काही ऐकू आले नाही म्हणून त्याचे कान चांगले म्हणायचे, त्यातलाच हा प्रकार. माझे नाक हळूहळू बधिर होत गेले आणि रोज सकाळी मला शाबासकी मिळत राहिली.

अशात टिल्ली आली. वर्गात सगळ्यांत बुटकी, म्हणून टिल्ली. तिची आई ताईला सांगत होती, “दूध प्यायली की शाळेत पोट धरून बसते हो. घरी सासूबाई म्हणतात, शाळा बुडवायची नाटकं आहेत सगळी.”

टिल्लीने पाणी प्यायले. गाल फुगवून, डोळे मिटून फुंकले. पुन्हा फुंकले. थोड्या वेळाने तिने आईचा तळहात ओढून आपल्या पोटावर ठेवला. “आई, आलं बघ. दुखायला लागलं.”

आईने पडद्याकडे पाहिले. शून्य.

“भूक लागली असेल तिला,” ताई म्हणाली.

मला ओरडावेसे वाटले. पण मला आकड्यांशिवाय दुसरी भाषा येत नाही, आणि आकडा तर शून्याच्या पुढे हलत नव्हता. डॉक्टरांनी आतल्या खोलीत नुसता माझ्या आकड्यांचा कागद पाहिला आणि सांगितले, दुधाचा काही संबंध नाही, रोज द्या.

काही महिन्यांनी मायलेकी पुन्हा आल्या. टिल्लीच्या फ्रॉकचा पट्टा आता गाठ मारून आवळला होता.

“पुन्हा एकदा बघता का?” आईने चाचरत विचारले.

“बघते. पण अहो, यंत्र कशाला खोटं बोलेल?”

पुन्हा तेच पाणी, तीच फुंकर, तेच शून्य. टिल्ली बराच वेळ माझ्याकडे टक लावून पाहत होती. मग तिने हळूच विचारले, “आई, म्हणजे माझं पोटच खोटं बोलतं का गं?”

आईने तिच्या केसांवरून हात फिरवला.

शेवटची फुंकर झाली तेव्हा टिल्लीच्या कपाळावर घाम होता. या वेळी तिने आईचा हात ओढला नाही. स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ती बसली होती.

“दुखतंय का गं?” ताईने विचारले.

टिल्लीने आधी माझा पडदा पाहिला. मग म्हणाली, “नाही.”

“अगंबाई! बरी झाली की माझी बाय!” आईच्या डोळ्यांत पाणी आले.

मित्रांनो, मोठेपणी तुमच्यापैकी कुणाच्या हाती माझ्यासारखे यंत्र आले, तर त्याला पुसा, झाका, पण त्याचे नाक शाबूत आहे का तेही विचारत जा. आम्हाला स्वतःहून सांगता येत नाही. आणि कुणी दुखतंय म्हणाले, तर पडद्याआधी त्याच्या तोंडाकडे बघा.

टिल्ली त्यानंतर आली नाही. ताई म्हणते, बरी झाली असेल. ती बरी झालेली नाही. तिने फक्त सांगायचे सोडून दिले आहे.