नमुन्याचा गहू

मी एक जुनी काचेची बरणी आहे. मित्रांनो, एका कुटुंबाचं भवितव्य कित्येक महिने माझ्या पोटात होतं. त्याआधी बिस्किटं होती.

माझा जन्म भट्टीत झाला. तिथून दुकानात आणि दुकानातून या घराच्या स्वयंपाकघरात आले. बिस्किटं संपली, झाकण घट्ट बसायचं, म्हणून मी राहिले.

सुगी झाली तेव्हा मालकांनी ढिगातले टपोरे दाणे निवडले, दोनदा वाळवले आणि माझ्यात भरले. व्यापाऱ्याला दाखवायचा हा नमुना. बाकीचा सगळा गहू मागच्या खोलीतल्या पत्र्याच्या कोठीत गेला. झाकणाच्या फटींवर चिकटपट्टी बसली.

"भाव येईपर्यंत उघडायची नाही," मालक म्हणाले. "हवा लागते."

गहू विकला की मालकीणबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन व्हायचं होतं. मोतीबिंदू दोन्हीकडे पिकला होता.

भाव चढला की मालक म्हणत, "चढतोय तर घाई कशाला?" उतरला की म्हणत, "पडत्या भावात कोण विकतं?" मधल्या काळात ते मला रोज उजेडात धरत आणि खूश होत. एवढं कौतुक माझ्या वाट्याला बिस्किटांच्या दिवसांतही आलं नव्हतं.

मग थंडी पडली. घरातलं मांजर शेगडीजवळची जागा सोडून कोठीवर झोपू लागलं. थंडीत पत्रा खरं तर गार असायला हवा. मालक म्हणाले, "बघ, राखण करतंय!"

मी खिडकीत असते. उघड्या दारातून मला मागची खोली दिसते. कोठीच्या बुडाशी बारीक पिठाची रेघ उमटायची. मालकीणबाई केर काढायच्या, त्यात तीही जायची. सकाळी पुन्हा असायची, थोडी जाड.

"अहो, कोठीला वास येतोय. आत काहीतरी कुरकुरतंयसुद्धा."

"तुला दारातला माणूस ओळखू येत नाही, आणि बंद कोठीतलं बरं ऐकू येतं!" मालकांनी मला बाईंच्या नाकाशी धरलं. "हा बघ दाणा. मोती आहे मोती!"

"मोती माझ्या डोळ्यांत आहेत. विकून टाका आता."

"अगं, एक आठवडा थांब."

असे बरेच आठवडे झाले. मित्रांनो, मला तोंड आहे. पण झाकण, म्हटलं ना, घट्ट बसतं.

शेवटी व्यापारी आला. त्याने मला हलवून पाहिलं आणि हंगामातला सगळ्यात चढा भाव बोलला.

"माल असाच ना?"

"अगदी असाच. एकाच ढिगातला."

चिकटपट्टी निघाली. झाकण उघडताच आतून गरम, कुबट वाफ आली. व्यापाऱ्याने कोपरापर्यंत हात घातला. तो बाहेर आला तेव्हा पांढरा झाला होता आणि त्यावरून काळे ठिपके चालत होते. ते कुरकुरणं आता सगळ्यांनाच ऐकू येत होतं.

"कोंबड्यांच्या खाद्याला चालेल," व्यापारी हात झटकत म्हणाला.

मित्रांनो, बरण्यांची काळजी घ्या. आम्हाला पुसत जा, जपून ठेवा. पण कोठीची खुशाली आम्हाला विचारू नका. आम्ही कोठीत नसतो.

खाद्याच्या पैशांत एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. उजव्या.