माउंट नेबोची कढई आणि कोर्टाचा खर्च

मित्रांनो, मी कढई. जुनी, बिडाची, तीन पायांची आणि दोन कानांची. एक धडधाकट माणूस मला एकट्याने उचलू शकत नाही, दोघे लागतात, आणि तेही उचलताना माझ्या नावाने बोटं मोडतात. मोडू देत. मला त्याचं काही वाटत नाही.

नदीच्या वरच्या अंगाला लोखंड ओतायचा एक कारखाना होता. तिथे वाळूच्या साच्यात माझा जन्म झाला. साचा ज्याने भरला त्याचा हात जरा हलला असावा, कारण माझ्या एका कानाखाली आवाळूसारखा उंचवटा राहून गेला. बोटीत घालून मला खाली या सपाट, काळ्या मातीच्या मुलखात आणलं. सुरुवातीला माझ्यात लोकांचे कपडे उकळायचे. साबण शिजायचा. थंडीत डुक्कर मारलं की चरबी कढायची. ज्या बाईने मला पहिल्यांदा विस्तवावर ठेवलं तिची पणती म्हातारी होऊन गेली, आणि जाताना तिने मला माउंट नेबो चर्चला देऊन टाकलं.

तिथे माझं खरं आयुष्य सुरू झालं. आमच्या पेलहॅम्स फेरी गावात एक रीत आहे. कुणाच्या घरी अडचण आली की शुक्रवारी चर्चच्या मागच्या अंगणात मासे तळायचे आणि थाळ्या विकायच्या. मक्याच्या पिठात घोळलेला कॅटफिश, कोबीची कोशिंबीर, पांढऱ्या पावाचे दोन काप आणि वर चमचाभर स्पॅगेटी. माशाबरोबर स्पॅगेटी कशाला, असं बाहेरचे लोक विचारतात. त्यांना विचारू दे. मी तळलेल्या माशांवर चर्चचं छप्पर झालं, पोरांच्या बँडचे गणवेश झाले, आणि ज्यांच्याकडे पुरायला पैसे नव्हते अशा कितीतरी जणांना नीट पेटी मिळाली. काम झालं की बायका मला मीठ लावून घासायच्या, तेल पुसायच्या आणि म्हणायच्या, "हिच्यासारखी दुसरी नाही गं!" खोटं कशाला बोलू, ते ऐकायला मला फार आवडायचं.

मधे काही वर्षं वाईट गेली. लोक पुठ्ठ्याच्या डब्यातून कोंबडी आणायला लागले आणि मी चर्चमागे पालथी पडले. माझ्यात गांधीलमाश्यांनी घर केलं. गंजाची तांब चढली. पण त्याचं रडगाणं मी गाणार नाही, कारण व्हर्नेलने मला पुन्हा उभं केलं.

व्हर्नेल टॉलिव्हर शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. अंगाने आडवी, जिभेची तिखट, आणि हसली की अंगणाच्या पलीकडे ऐकू जायची. तिचा नवरा ओझेल. त्याची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून तीनदा त्याला शहरातल्या दवाखान्यात रक्त धुवायच्या मशीनला लावावं लागायचं. आमच्याकडून शहराला बस जात नाही. व्हर्नेल गाडी चालवायची म्हणून ओझेल जिवंत होता, इतकी साधी गोष्ट.

एके दिवशी त्या गाडीचा मागचा दिवा गेला. पोलिसाने थांबवलं, चिठ्ठी दिली. दिवा तिने दुसऱ्याच दिवशी बदलला. दंड होता पंचवीस डॉलर. पण दंडावर कोर्टाचा खर्च म्हणून जी रक्कम असते, ती जवळजवळ दोनशे होती. मुदतीत भरला नाही तर गाडी चालवायचं लायसन्स रद्द.

"चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!" व्हर्नेल माझ्यात तेल ओतता ओतता म्हणाली. "दिवा माझा गेला की कोर्टाचा?"

"सिस्टर, तेल सांडू नकोस, तेही फुकट मिळत नाही," डीकन रूबेन म्हणाले. डीकन म्हणजे चर्चचे कारभारी. त्यांचं सायकली दुरुस्त करायचं दुकान होतं.

त्या शुक्रवारी मी जीव तोडून तळलं. पैसे जमले. व्हर्नेल सोमवारी कोर्टात गेली आणि तशीच परत आली. मी अंगणातच होते. तिने पर्स माझ्या काठावर ठेवली आणि पायरीवर बसली.

"काय झालं?" डीकननी विचारलं.

"वाढला खर्च. पहिल्या तारखेपासून नवा कायदा. खिडकीतली पोरगी म्हणते, शुक्रवारी आला असतात तर भागलं असतं. अगं बाई, शुक्रवारी मी मासेच तळत होते ना!"

"कशापायी वाढवला?"

"जजचा आणि सरकारी वकिलांचा पगार वाढलाय. तो म्हणे यातून द्यायचा."

कमी पडत होते चाळीस डॉलर. डीकननी खिसे चाचपले, दोघीतिघींनी पर्स उलट्या केल्या, पण महिन्याचा पहिला आठवडा आमच्याकडे भाड्यातच जातो. मग व्हर्नेलच्या डोक्यात ती कल्पना आली. गुरुवारी कोर्टाचा मोठा दिवस असतो, सगळा जिल्हा तिथे येतो. मासे तिथेच, कोर्टासमोरच्या पिकानच्या झाडाखाली का तळू नयेत?

मलाही ती कल्पना आवडली होती, मित्रांनो. मी कुणाला दोष देऊ?

गुरुवारी असा खप झाला की विचारू नका. ज्यांच्या तारखा होत्या ते आले, त्यांचे वकील आले, खिडकीतली पोरगी आली. सरकारी वकील केलेब स्टबलफील्डसुद्धा आला. तो याच गावचा. लहानपणी माझ्याभोवती घोटाळायचा आणि फुटकेतुटके तुकडे मागायचा. आता टाय सावरत उभ्याउभ्याच खात होता.

"मिस व्हर्नेल, हा मासा खाल्ला की आई आठवते."

"मग थाळीचे दुप्पट दे," व्हर्नेल म्हणाली. "तुझा पगार वाढलाय असं ऐकते."

केलेब कानापर्यंत लाल झाला. "खरंय. पण माझ्या आधीचे तीन वकील शहरात पळाले, ते काय उगाच? मी दर शनिवारी पशुखाद्याच्या दुकानात पोती उचलायचो, मिस व्हर्नेल. कर्जाचे हप्ते भरायला. आम्ही राजधानीत जाऊन पगार मागितला. ते म्हणाले, कर वाढवणार नाही, कोर्टात येणाऱ्यांकडून घ्या."

"कोर्टात हौसेने कोण येतं रे?"

"मी तरी आलो नाही हौसेने," डीकन मधे पडले. "माझं दुकान फोडलं त्याची केस दोन वर्षं पडून होती. नवा वकील यायचा, पहिल्यापासून वाचायचा, आणि निघून जायचा. हा पोरगा टिकला म्हणून निकाल लागला. ते मी नाकारत नाही." मग ते जरा थांबले. "पण बाळा, तुझ्या पोळीवरचं तूप आमच्या चुलीतून जातंय, एवढं ध्यानात ठेव."

केलेबने मान हलवली आणि दुप्पट पैसे ठेवले. वरून जजबाईंनीही शिपायाकडून दोन थाळ्या मागवल्या. दुपारपर्यंत चाळीस काय, त्याहून थोडे जास्तच जमले. व्हर्नेल खिडकीकडे जायला निघाली तेवढ्यात एक तरुण पोलीस आला. तो गावात नवा होता.

"परवाना आहे का?"

"कसला परवाना, बेबी? मासा खातोस का?"

"सरकारी जागेवर अन्न विकायला परवाना लागतो, मॅडम."

त्याने चिठ्ठी फाडली. आणि पुरावा म्हणून मला जप्त केलं. तेल गार होईस्तोवर बिचारा माझ्याशेजारी उभा राहिला, आणि कोर्टाच्या शिपायाबरोबर मला उचलताना त्याच्या नव्या गणवेशाला माझी काजळी लागली. माझ्या कानाला त्यांनी नंबराचा कागद बांधला. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. आगीत मी जन्मभर राहिले, मला तिचं काही वाटत नाही. पण पुराव्याच्या त्या खोलीत मला थंडी वाजली.

दिव्याच्या केसचे पैसेही आता नव्या केसच्या तारखेलाच भरा, असं खिडकीतून व्हर्नेलला सांगितलं होतं. मग एके दिवशी मला कोर्टात टेबलावर ठेवलं. पाठीमागे माउंट नेबोचे सगळे लोक बसले होते. एवढ्या लोकांपुढे मी पहिल्यांदाच रिकामी होते. केलेब उभा राहिला.

"सरकार ही केस मागे घेतंय, जजसाहेब. आरोपीने फक्त खर्च भरावा."

"केस मागे घेतली, तर खर्च कसला?" व्हर्नेल म्हणाली.

"केस दाखल झाल्याचा," जज प्रुइट म्हणाल्या. त्या पन्नाशीच्या होत्या, चष्मा हातात धरून बोलायच्या. "मी माफ केला असता, मिसेस टॉलिव्हर. नव्या कायद्याने तो अधिकार ठेवलेला नाही."

"पगार तुमचाच ना यातून?" पाठीमागून डीकननी विचारलं.

कुणीतरी त्यांना गप्प करायला गेलं, पण जजबाईंनी हात वर केला. "माझाच. आणि मी मागितला नव्हता असं म्हणणार नाही. मागितला होता. असा मिळेल हे माहीत नव्हतं." त्यांनी चष्मा लावला. "इथे खर्च दोन आहेत. दिव्याच्या केसचा आणि या केसचा. या दुसऱ्यापायी लायसन्स जाणार नाही. पण तो भरेपर्यंत कढई परत देता येणार नाही."

व्हर्नेलच्या पर्समध्ये एकाच केसचे पैसे होते. तिने माझ्याकडे बघितलं. मग पहिल्या बाकावर बसलेल्या ओझेलकडे बघितलं. त्याचे पाय सुजून बुटात मावत नव्हते.

"दिव्याचा घ्या," ती म्हणाली.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मीही तेच म्हटलं असतं. तरी मला उचलून नेताना तिने डोळ्यांना कोपर लावलं, ते मी पाहिलं.

मला सोडवायला पैसे हवेत म्हणून त्यांनी मासे तळायचं ठरवलं. पण तळणार कशात? आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी गत. घरच्या तव्यांवर तळून पाहिलं. तेल जास्त गेलं, थाळ्या कमी झाल्या, आणि लोक म्हणाले, पहिली चव नाही. हे मला केलेबने सांगितलं. तो कधीकधी पुराव्याच्या खोलीत यायचा आणि माझ्याशेजारच्या खोक्यावर बसायचा. एकदा म्हणाला, "मी भरतो म्हटलं तर वरिष्ठ म्हणतात, ज्याने केस केली त्याने आरोपीचे पैसे भरायचे नाहीत." कढईशी बोलणारा सरकारी वकील तुम्ही कधी पाहिलाय का? मला त्याचा राग यायला हवा होता. नाही आला. शनिवारी पोती उचलणं बंद झाल्यामुळे त्याच्या पाठीचा बाक जरा कमी झाला होता, आणि मला ते बघून बरं वाटलं. मग माझी मलाच चीड आली.

मुदत संपली. न सोडवलेल्या वस्तूंचा लिलाव झाला. एक सायकल, दोन करवती आणि मी. लिलावाचे पैसे त्याच पगाराच्या निधीत जमा झाले. डीकननी शेवटपर्यंत बोली लावली. पण शहरातल्या एका बाईंना जुनं बीड फार आवडत होतं, आणि त्यांचा हात डीकनपेक्षा वर जात राहिला.

त्या बाई वाईट नाहीत. त्यांनी माझी तांब काढली, काळा रंग लावला, घरापुढच्या हिरवळीवर ठेवलं. आणि मुळं कुजू नयेत म्हणून एका माणसाकडून माझ्या बुडाला तीन भोकं पाडून घेतली. यंत्र माझ्यातून आरपार गेलं तेव्हा मी ओरडले असेन, पण बिडाचा आवाज सगळा यंत्राच्याच आवाजात जातो. आता माझ्यात पेटुनियाची फुलं आहेत. रोज पाणी घालतात. इतकी काळजी माझी कुणी कधी घेतली नव्हती, आणि इतकी निरुपयोगी मी कधी झाले नव्हते.

दवाखान्याचा रस्ता याच घरावरून जातो. गेल्या आठवड्यात एक गाडी पुढे गेली, थांबली, आणि मागे आली. व्हर्नेल उतरली. तिने वाकून माझ्या कानाखालचं आवाळू चाचपलं.

"ओझेल! हीच रे!"

ओझेल गाडीत बसून होता. मशीनवरून उतरला की त्याला चालवत नाही. "विचार ना त्यांना. परत विकतात का बघ. चेस्टरच्या पोरीला दवाखान्यात ठेवलंय, शुक्रवारी तळायला लागेल."

व्हर्नेलने फुलं बाजूला केली. ओल्या मातीत बोटं घातली आणि खालपर्यंत नेली. एक बोट माझ्या बुडातून बाहेर निघालं आणि गवताला लागलं.

तिने दुसरं भोक चाचपलं, मग तिसरं.

"काय गं?" ओझेलने विचारलं.

"भोकं पाडलीत."

ओझेलने स्वतःच्या पायांकडे बघितलं. मग म्हणाला, "माझ्यापायी घालवलीस तू तिला."

"गप बस," व्हर्नेल म्हणाली. "कढईला नवरा म्हणता येत नाही." ती हसायला गेली आणि तिला रडू फुटलं.

मित्रांनो, तुमच्याही गावात माझ्यासारखी एखादी कढई असेल, एखादा मांडव, एखादी मोठी परात, जी कुणाच्याच मालकीची नसते आणि अडीअडचणीला सगळ्यांची असते. तिला तेलपाणी करा, तांब चढू देऊ नका. पण तेवढ्याने भागत नाही, हे मी शिकले. माझ्यावर आता तांबेचा एक डागही नाही. शुक्रवारी चेस्टरच्या पोरीसाठी लोक अंगणात जमतील, आणि मी इथे फुलं धरून उभी असेन.