लांडग्याचा वाटा

कानिफनाथानं खडकावरचं पीस उचललं, उन्हाकडे धरलं आणि नाकाशी नेलं. भोवत्या या शिकारी पक्ष्याचं पीस इतकं पांढरंफटक नसतं. या कोरड्या माळावर बगळा कशाला येईल? राहता राहिली ब्रॉयलर कोंबडी, आणि ब्रॉयलर कोंबडी काही आपल्या पायांनी अभयारण्यात हिंडायला येत नाही.

"कोनीतरी आनून टाकतंय," तो स्वतःशीच म्हणाला, आणि त्याला बरं वाटलं. संशयाला जागा सापडली की कानिफनाथाला नेहमीच बरं वाटायचं.

सोनखडीच्या माळावर तो वनखात्याचा रोजंदारीवरचा राखणदार होता. मेंढरं विकून अंगात खाकी शर्ट घातला, त्याला आता बराच काळ लोटला होता. गवत कापायला येणाऱ्या बायांच्या भाऱ्यात तो काठी खुपसून बघायचा. उन्हाळ्यात पाणवठ्याजवळून जाणाऱ्यांच्या पिशव्या उघडायला लावायचा. थंडीत गळ्यात दुर्बीण अडकवून येणाऱ्या पाहुण्यांनाही खिसे दाखवा म्हणायचा. त्यात एकदा एक निवृत्त न्यायाधीश निघाले. त्यांनी निमूटपणे खिसे दाखवले, रुमालसुद्धा झटकून दाखवला. कानिफनाथ स्वतःच्या सावलीलाही पुढं घालूनच चालतो, मागं ठेवत नाही, असं गावात म्हणत.

यंदाची थंडी माळाला मानवली होती. दिवस मावळायच्या सुमाराला भोवत्या पक्षी घिरट्या घालत गवतात उतरायचे. शेजारच्या ज्वारीवर भोरड्यांचे थवे तुटून पडायचे. तलावावर करकोचे आले होते. पण लोकांच्या तोंडी होता तो लांडगा. लांडगा हे काही वेळ पाळणारं जनावर नव्हे. मनात आलं तर दिसेल, नाहीतर पंधरा-पंधरा दिवस त्याचा माग लागायचा नाही. यंदा मात्र ऊन उतरलं की स्वारी या खडकापाशी हजर, आणि ती नेमकी करणच्या जीपमधल्या पाहुण्यांनाच दिसायची.

करण हा त्याचा जावई. नागापूरच्या एमआयडीसीत लेथवर चांगला लागलेला होता. ती नोकरी सोडून त्यानं जुनी जीप घेतली, खात्याचा पास काढला आणि पुण्यामुंबईच्या पाहुण्यांना माळ दाखवायला लागला. बांधलेला पगार सोडणाऱ्या माणसाच्या मनात काहीतरी काळंबेरं असणारच, असं कानिफनाथानं तेव्हाच ठरवून टाकलं होतं. पुरावा तेवढा हाती यायचा होता.

रविवारी पाहुणे लांडगा बघून खुशीत निघून गेले. कानिफनाथ फाटकापाशी जीपला आडवा झाला.

"जावईबापू, लांडगा तुमच्या जीपचा आवाज वळखतो का काय?"

करण हसला नाही. "थंडीचं दिस हायेत मामा. पिल्लं असत्याल जवळपास."

"मग बीळ कुठंय?"

"ते मी हुडकाय जात न्हाई. पिलांपाशी जाऊ नये, तुमीच सांगितलंय."

उत्तर बरोबर होतं. बरोबर उत्तर देणारा माणूस तर कानिफनाथाला मुळीच खपायचा नाही.

शनिवारी तो काष्टीच्या बाजारात गेला आणि कोंबड्या विकणाऱ्या एकेकाला आडून आडून विचारत फिरला. एकजण वैतागून म्हणाला, "तुमच्या जावयाला कवा अंडं घेताना बी बघितलं न्हाई. माळ घातलीय का त्यानं?" कानिफनाथ हात हलवत परत आला. पण जीप दारात उभी होती आणि करण आत जेवत होता. कानिफनाथानं मागचं सीट उचललं. खाली खताचं पोतं होतं. पोत्यात पांढरी पिसं आणि कोंबड्यांचे पाय होते.

घरात त्यानं अवाक्षर काढलं नाही. आरती, त्याची एकुलती एक लेक, बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिचं आधी दोनदा पोटातलं गेलं होतं, म्हणून सगळं घर तिच्याभोवती दबकून वावरत होतं. नवऱ्याचा पास गेला तर तिच्या संसाराचं काय होईल, हे कानिफनाथाला कळत नव्हतं असं नाही. पण परक्याला पकडायचं आणि घरच्याला सोडायचं, तर मग खाकी घालायची कशाला? तो पोतं घेऊन थेट रेंजर मॅडमच्या टेबलापाशी उभा राहिला.

मॅडमनी करणला बोलावून घेतलं. "आयतं खायची सवय लागली की लांडगा गावात शिरतो," त्या म्हणाल्या, "आणि गावात शिरलेल्या लांडग्याला लोक विष घालतात. हे तुला माहीत आहे. कोंबड्या तूच टाकतोस?"

करणनं पोत्याकडे पाहिलं. मग सासऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ. त्या नजरेत राग नव्हता. काहीतरी विचारल्यासारखी ती नजर होती.

"व्हय मॅडम," तो म्हणाला. "मीच टाकत हुतो."

पास रद्द झाला. कंपनीनं परत बोलावलंय, असं घरी सांगून करण नागापूरला निघून गेला. त्यानं जीप विकायला काढली.

कानिफनाथाला खरं तर समाधान वाटायला हवं होतं. पण मनात कुसळ टोचत राहिलं. त्यानं आयुष्यात पुष्कळ चोर पकडले होते. चोर आधी आईची शपथ घेतो, मग पोतं माझं नव्हंच म्हणतो, मग रडतो. पहिल्याच प्रश्नाला 'व्हय' म्हणणारा चोर त्यानं पाहिला नव्हता.

त्यातच एका सकाळी खडकावर ताजी पिसं दिसली. हा गडी नागापूरहून येऊन टाकतो की काय, असाही विचार त्याच्या डोक्यात येऊन गेला. सवय अशी एका दिवसात जात नाही. ऊन उतरताना तो हिवराच्या झाडाआड जाऊन बसला. भोवत्या पक्षी एकेक करून गवतात उतरत होते. पलीकडच्या पोल्ट्रीकडून येणाऱ्या पायवाटेनं एक बाई कापडी पिशवी घेऊन आली. खडकापाशी थांबून तिनं पिशवीतून दोन मेलेल्या कोंबड्या काढल्या, मांडून ठेवल्या, त्यांच्यावर चिमूटभर भंडारा टाकला आणि हात जोडले.

ती मनकर्णा होती, त्याची बायको. पोल्ट्रीत झाडलोटीला जायची.

"मनकर्णे," तो उठून म्हणाला.

ती दचकली नाही. "मला वाटलंच, कवातरी हितं येऊन बसताल."

"ह्यो काय परकार हाय?"

"वाटा हाय, लांडग्याचा. माझ्या बापाच्या वाड्यावर मेलेलं कोकरू कवा पुरलं न्हाई, लांडग्यालाच ठिवलं. तुमच्या बी घरात हीच रीत हुती. मेंढरं इकली, तुमी साहेबाचं मानूस झालात, आन वाटा बंद पडला. मग पोरीची कूस दोनदा रिती झाली. अवंदा बिरोबाला बोलले, ती सुखरूप मोकळी हुईस्तवर वाटा चुकवायची न्हाई. मेंढरं न्हाईत तर न्हाईत. हाताखाली कोंबड्या हायेत, मेलेल्या खड्ड्यातच टाकायच्या असत्यात. त्यातल्या दोन हितं आनते."

"करनला म्हाईत हुतं?"

"पयल्यापासनं. लई येळा म्हनला, मामी, नका टाकू, मामांची नोकरी जाईल. मी ऐकलं न्हाई. मग त्योच सकाळी येऊन पिसं येचून न्यायचा पोत्यात. पाव्हन्यांना बी हितंच आनायचा, खोटं कशाला बोलू? पन पिसं येचली ती माझ्यापायी."

मग त्यानं तिला सगळं सांगितलं. पोतं, मॅडम, पास. सांगताना तो तिच्याकडे बघू शकला नाही. मनकर्णा कोंबड्यांच्या शेजारी खडकावर बसली.

"जावयाला चोर केलात. मला एका शब्दानं इचारलं न्हाई."

"तुझा संशय न्हवता आला."

"समद्या मुलखाचा आला," ती म्हणाली. "माझाच तेवढा न्हाई आला. आला असता तर बरं झालं असतं."

तिनं भंडाऱ्यासकट कोंबड्या परत पिशवीत भरल्या.

गप्प बसणं सोपं होतं. करणनं गुन्हा अंगावर घेतलाच होता, आरतीला काही माहीत नव्हतं, खाकी शाबूत होती. फक्त जावयाच्या कपाळी चोर म्हणून शिक्का बसला होता, आणि तो कानिफनाथानंच मारला होता. सकाळी त्यानं धुतलेल्या शर्टाची घडी घातली, साधी पैरण घातली आणि मॅडमसमोर जाऊन बायकोच्या नावानिशी सगळं सांगितलं.

"करणचा पास मी परत देऊ शकते," मॅडम म्हणाल्या. "पण कानिफनाथ, राखणदाराच्याच घरातून हे झालं. तुम्हाला माळावर कसं ठेवू?"

"न्हाई ठेवता यायचं," कानिफनाथ म्हणाला. त्यांच्या जागी असता तर त्यानंही हेच केलं असतं. घडी घातलेला शर्ट त्यानं टेबलावर ठेवला आणि नागापूरची एसटी धरली.

तो कंपनीच्या फाटकापाशी पोचला तेव्हा पाळी सुटत होती. कामगार रांगेनं बाहेर येत होते. वॉचमन एकेकाचा डबा उघडून बघत होता, खिसे चाचपत होता. करणचा नंबर आला. सांगायच्या आधीच त्यानं दोन्ही हात वर केले आणि मान दुसरीकडे वळवली. वॉचमनचे हात त्याच्या अंगावरून कमरेपर्यंत फिरले. कानिफनाथानं असे हात किती माणसांच्या अंगावरून फिरवले होते. झडती देणाऱ्याच्या तोंडाकडे मात्र त्यानं कधी पाहिलं नव्हतं. आज पाहिलं, आणि त्याला फार लाज वाटली.

करण बाहेर आला आणि त्याला बघून थबकला. "मामा? आरती बरी हाय ना?"

"बरी हाय."

"खाकी न्हाई आज?"

"धुवाय टाकलीय."

करणनं त्याच्याकडे निरखून पाहिलं, पण पुढं विचारलं नाही.

"मॅडमला समदं सांगितलं मी," कानिफनाथ म्हणाला. "तुमचा पास परत मिळतोय. जीप इकू नका. चला माघारी."

करण बोटांवरचं ग्रीस चिंधीला पुसत राहिला. "ऱ्हाऊ द्या मामा. आरती मोकळी झाली की तिला बी हिकडंच आनीन."

"हितं काय ठेवलंय? रोजच्या रोज झडती."

"घेत्यात ना रोज," करण म्हणाला. "पन सगळ्यांचीच घेत्यात."

फाटकात वॉचमन पुढच्या माणसाचा डबा उघडत होता. रस्त्यावर ट्रकमागून ट्रक चालले होते. करणनं डबा काखेत धरला, चहा घेऊ म्हणाला आणि रस्ता ओलांडायला सासऱ्याचा हात धरला. कानिफनाथ तो हात न सोडवता खाली मान घालून त्याच्याबरोबर चालू लागला.